मॅनेजमेंटचा रिसर्च पेपर वाचून बिझनेसचा निर्णय कसा घ्यायचा, खास करून टेक्नॉलॉजी घेताना

मॅनेजमेंटवर दरवर्षी ढिगाने पेपर छापून येतात आणि ज्यांनी ते वाचून निर्णय घ्यायचे ते मॅनेजर लोक काही ते वाचत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण पेपर त्यांच्यासाठी लिहिलेलाच नसतो, तो एका प्राध्यापकाने दुसऱ्या प्राध्यापकासाठी लिहिलेला असतो. मग होतं काय, मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं "रिसर्च सांगतो की एआयने काम १४ टक्के वाढतं", आकडा स्लाइडवर चढतो, सगळे माना डोलावतात आणि लायसन्सची ऑर्डर जाते. आकडा खोटा नसतो हो. फक्त तो कोणाचा आकडा आहे हे कोणी विचारलेलं नसतं. तर ते विचारायचं कसं आणि विचारून झाल्यावर पुढे करायचं काय, एवढंच इथे सांगतो. एमबीए करणाऱ्यांनाही उपयोग होईल, पण डोळ्यासमोर मुख्यतः तो माणूस आहे ज्याला पुढच्या महिन्यात कशावर तरी सही करायची आहे.

आधी निर्णय लिहा, पेपर नंतर

"आपण एआय आणायचं का" हा प्रश्न नाहीच, ती चर्चा आहे आणि ती वर्षभर चालू शकते. प्रश्न असा लिहा: "सपोर्ट टीममधल्या एक वर्षापेक्षा कमी अनुभव असलेल्या लोकांना उत्तरं सुचवणारं टूल सहा महिने द्यायचं का, की तेच पैसे त्यांच्या ट्रेनिंगवर घालायचे, की काहीच करायचं नाही". काहीच न करणं हा पर्याय कागदावर असलाच पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार. आणि पर्याय तुम्ही स्वतः लिहिले नाहीत तर ते व्हेंडर, म्हणजे टूल विकणारा, लिहितो. हर्बर्ट सायमन यांनी १९४७ पासून पुढे मांडलं होतं की माणूस सगळे पर्याय तपासून सगळ्यात चांगला निवडत नाही, वेळ आणि माहिती दोन्ही तुटपुंजं असतं म्हणून "चालेल एवढं" वाटणारं जे पहिलं समोर येतं त्यावर थांबतो (याच कामासाठी १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं). म्हणजे ज्याचा डेमो आधी झाला त्याचं पारडं तिथेच जड झालं.

त्याच कागदावर अजून एक ओळ घाला: काय दिसलं तर आपण नाही म्हणू. ही ओळ पेपर वाचायच्या आधी लिहायची बरं का, कारण नंतर लिहिली की आपण ती मिळालेल्या उत्तराच्या मापाने शिवतो.

शोधायचं कुठे

गूगल स्कॉलर पुरेसं आहे, महागडी सबस्क्रिप्शन नसली तरी चालतं. इंग्रजीत शोधावं लागतं, त्याला इलाज नाही. आधी एखादा रिव्ह्यू पेपर किंवा मेटा-अ‍ॅनालिसिस मिळतोय का बघा म्हणजे एकाच प्रश्नावरचे बरेच अभ्यास एका जागी सापडतात, मग त्यातला तुमच्या परिस्थितीशी सगळ्यात जवळचा एक-दोन पेपर उचला आणि "सायटेड बाय"वर (म्हणजे त्या पेपरचा उल्लेख करणारे नंतरचे पेपर) क्लिक करून त्यानंतर कोणी त्याला धक्का दिलाय का ते पहा. जर्नलने पैसे मागितले तर लेखकाच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा फुकट प्रत असते, नसेल तर सरळ मेल करा, बरेच जण आनंदाने पाठवतात. वर्किंग पेपर (जर्नलमध्ये छापण्याआधीची प्रत) आणि छापून आलेला पेपर यात आकडे थोडे बदलतात तेव्हा कुठली प्रत वाचताय हे लिहून ठेवा. आणि कन्सल्टिंग कंपनीचा चकचकीत रिपोर्ट म्हणजे पेपर नव्हे, तो वाचायला हरकत नाही पण तो काढणारी कंपनी त्याच विषयातली सर्व्हिस विकत असते हे विसरू नका.

वाचायचं कसं, चार प्रश्न

पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसलात तर तिसऱ्या पानावर झोप लागेल. अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) वाचा, मग मधलं थिअरीचं सगळं सोडून सरळ मेथड आणि डेटाच्या भागावर जा. तिथे चार गोष्टी शोधायच्या: अभ्यास कोणावर झाला, कशाच्या तुलनेत, नेमकं काय मोजलं आणि किती काळ. बस. स्टॅटिस्टिक्सची टेबलं न कळताही या चार प्रश्नांनी बराच पल्ला गाठता येतो.

एआयचंच उदाहरण घेऊ कारण हल्ली सगळ्यांच्या टेबलावर तोच निर्णय आहे.

पहिला अभ्यास ब्रिन्यॉल्फसन, ली आणि रेमंड यांचा, २०२३ मध्ये वर्किंग पेपर म्हणून आला आणि २०२५ मध्ये जर्नलमध्ये छापला गेला. एका सॉफ्टवेअर कंपनीचे पाच हजारांहून जास्त चॅट-सपोर्ट एजंट, त्यांना उत्तरं सुचवणारं टूल टप्प्याटप्प्याने दिलं, तासाला सुटलेल्या तक्रारी सरासरी १४-१५ टक्क्यांनी वाढल्या. वरचा स्लाइडवाला आकडा तो हाच. पण टेबल उघडून बघा तर नवख्या एजंटचा फायदा ३० ते ३४ टक्के आणि मुरलेल्या एजंटना जवळपास काहीच नाही. सरासरी ज्याला म्हणतो तसा माणूस त्या टीममध्ये नव्हताच म्हणा ना.

दुसरा, २०२३ चाच, बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवरचा प्रयोग. एआयला झेपणाऱ्या कामांमध्ये त्यांनी १२ टक्के जास्त कामं केली आणि २५ टक्के कमी वेळात केली, दर्जाही वाढला. पण एक काम मुद्दाम असं दिलेलं होतं की जिथे एआय छान वाटणारं पण चुकीचं उत्तर देईल, आणि तिथे एआय वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण एआय न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-अंकांनी (म्हणजे दर शंभरामागे १९ ने) कमी निघालं. माणसं तितकीच हुशार, टूल तेच.

तिसरा २०२५ चा, एमईटीआर नावाच्या संस्थेचा. १६ अनुभवी डेव्हलपर, स्वतःच वर्षानुवर्षं सांभाळलेले ओपन सोर्स प्रोजेक्ट, २४६ कामं, प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही हे रँडम ठरवलेलं. एआय वापरलं तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि खरी गंमत पुढे आहे: काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण साधारण २० टक्के लवकर उरकलं.

आता सांगा, "रिसर्च काय म्हणतो"? तीनही अभ्यास नीट केलेले, तिन्हींचे निष्कर्ष वेगळे आणि तरी एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण माणसं वेगळी, काम वेगळं, मोजलेली गोष्ट वेगळी. तेव्हा पेपरमधून टक्केवारी उचलायची नाही, टक्केवारी का आली ते कारण उचलायचं. पहिल्या पेपरचे लेखक सांगतात की टूलने टीममधल्या चांगल्या एजंटच्या बोलण्याच्या सवयी नवख्यांपर्यंत पोचवल्या, म्हणून नवखे वर आले आणि ज्यांच्याकडून त्या सवयी शिकल्या गेल्या त्यांना नवीन काही मिळालं नाही. हे कारण हातात आलं की तुमच्या टीमबद्दल बोलता येतं: आमच्याकडे नवखे किती, आमच्या चांगल्या लोकांची कामाची पद्धत कुठे लिहिलेली आहे का, टूल ती शिकणार कुठून. टीम सगळीच दहा वर्षं जुनी असेल तर १४ टक्के विसरा, तिसरा पेपर तुमच्या जास्त जवळचा आहे.

यशोगाथांपासून चार हात लांब

टेक्नॉलॉजी घेताना सगळ्यात जास्त वापरला जाणारा पुरावा म्हणजे "अमुक कंपनीने हे केलं आणि बघा कुठे गेली". इथे दोन भानगडी आहेत. एक म्हणजे तेच करून बुडालेल्या कंपन्यांवर केस स्टडी लिहिली जात नाही, त्यांच्या ऑफिसात मुलाखत द्यायला कोणी उरलेलं नसतं. येर्कर डेनरेल यांनी २००३ मध्ये यावर पेपर लिहिला, त्यात मुद्दा असा की धोका पत्करणाऱ्यांमधले फक्त तगलेलेच दिसतात म्हणून धोकादायक पद्धती आहेत त्यापेक्षा गुणकारी वाटतात. दुसरी भानगड जास्त खोल आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७५ मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना एका कंपनीच्या आकड्यांवरून पुढच्या विक्रीचा अंदाज करायला सांगितलं आणि नंतर काही गटांना "तुमचं उत्तम झालं" आणि काहींना "वाईट झालं" असं सांगितलं, प्रत्यक्ष कामगिरीशी काडीचाही संबंध न ठेवता. मग विचारलं, गटात वातावरण कसं होतं. उत्तम झालं असं ऐकलेले म्हणाले आमच्यात एकी होती, मोकळी चर्चा झाली, सगळे उत्साहात होते. वाईट झालं असं ऐकलेल्यांना यातलं काहीच फारसं आठवेना. आता यशस्वी कंपनीच्या सीईओची मुलाखत घेऊन काढलेली "यशाची सात कारणं" वाचताना हा प्रयोग आठवायचा.

मग विश्वास ठेवायचा कशावर? शक्य तिथे अशा अभ्यासावर जिथे कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलंय. मॅनेजमेंटमध्ये असे अभ्यास कमी आहेत पण आहेत. त्यातला एक तर मुंबईच्या आसपासच्या कापड कारखान्यांचा, निकोलस ब्लूम आणि मंडळींचा, २०१३ मध्ये छापलेला. १७ फर्म, त्यांच्यातल्या काही कारखान्यांना सल्लागारांकडून महिनाभर तपासणी आणि पुढचे चार महिने प्रत्यक्ष मदत, आणि बाकीच्यांना फक्त तपासणी. शिकवलं काय तर मशीनची देखभाल वेळच्या वेळी, दोषांची नोंद, मालाचा साठा नीट मोजणं असल्या ३८ साध्या पद्धती. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नवीन मशीन न घेता! नंतर काही वर्षांनी तीच मंडळी परत जाऊन बघतात तर आणलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या, तरी न शिकवलेल्या कारखान्यांपेक्षा हे पुढेच होते. टेक्नॉलॉजीच्या बजेटवर बसलेल्या माणसाने हा पेपर दोनदा वाचावा असं माझं मत, कारण निम्मं सुटतं हे गृहीत धरून सांभाळायला माणूस नेमणं कोणाच्याच प्लॅनमध्ये नसतं.

आता प्लॅन, आणि प्लॅनमधले खोटे आकडे

खोटे म्हणजे मुद्दाम नव्हे, मनापासूनचे खोटे. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल विचारलं, सरासरी अंदाज ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आयटी प्रोजेक्टचं चित्र फ्लूबियर्ग आणि बुडझियर यांनी २०११ मध्ये १,४७१ प्रोजेक्ट तपासून मांडलं: सरासरी खर्च बजेटच्या २७ टक्के वर, हे ऐकून माणूस म्हणेल ठीक आहे, तेवढी उशी ठेवू. पण दर सहातला एक प्रोजेक्ट असा की ज्याचा खर्च सरासरी २०० टक्क्यांनी फुगला, म्हणजे तिप्पट. सरासरीसाठी उशी ठेवून उपयोग नाही, प्रश्न असा विचारायचा की आपला तो सहावा निघाला तर कंपनी उभी राहील का. नसेल राहणार तर प्रोजेक्टचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वापरता आला पाहिजे आणि कुठल्याही तुकड्यानंतर थांबता आलं पाहिजे.

अंदाज काढायची पद्धत सोपी आहे, फक्त कोणाला आवडत नाही. आपल्या प्रोजेक्टमध्ये डोकं घालून तास मोजण्याआधी, तुमच्याकडे झालेले आधीचे पाच-सात तसलेच प्रोजेक्ट काढा, दोन रकाने करा, ठरवलेली तारीख-खर्च आणि झालेली तारीख-खर्च, आणि त्यांचं गुणोत्तर नवीन अंदाजाला लावा. टीम म्हणेल या वेळी गोष्ट वेगळी आहे. दर वेळी वेगळीच असते. वेगळेपणाचा पुरावा दाखवला तर थोडं कमी करा, नाहीतर नाही.

दुसरी गोष्ट, खरेदीच्या किमतीपेक्षा कामाची पद्धत बदलण्याचा खर्च वेगळा धरा आणि तो मोठा धरा. १९८७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी टोमणा मारला होता की कॉम्प्युटर सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये याला विजेच्या इतिहासातून उत्तर दिलं: कारखान्यांनी सुरुवातीला वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली, तिथून सगळ्या मशीनपर्यंत गती नेणारे शाफ्ट आणि पट्टे सगळे जुनेच, त्यामुळे फायदा बेताचा. खरा फायदा आला तो प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर मिळाली आणि कारखान्याची मांडणीच बदलली तेव्हा, आणि तोवर वीजकेंद्रं सुरू होऊन जवळपास चाळीस वर्षं झाली होती. तुमचं नवीन सॉफ्टवेअर जुन्याच मंजुरीच्या साखळीवर, जुन्याच फॉर्मवर बसवणार असाल तर तुम्ही मोठी मोटर घेताय.

टेक्नॉलॉजी किती तयार आहे हे विचारायला नासाची टीआरएल (टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल) पट्टी आहे, १ ते ९, १ म्हणजे नुसतं तत्त्व आणि ९ म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेत चाललेली गोष्ट. व्हेंडरला सरळ विचारा, हे कुठल्या पायरीवर आहे आणि पुरावा काय. लोक ते वापरतील का, यासाठी फ्रेड डेव्हिस यांचा १९८९ चा अभ्यास अजून कामाचा: वापरायला सोपं आहे यापेक्षा "माझ्या कामाला याचा उपयोग होतो" हे वाटणं वापराशी जास्त जोडलेलं निघालं. म्हणून डेमोनंतर "कसं वाटलं" विचारू नका, "तुमच्या कालच्या कामातलं कुठलं काम यामुळे कमी झालं असतं" ते विचारा. उत्तर द्यायला कोणी अडखळलं तर समजून जा.

पायलट म्हणजे खरंच प्रयोग

पायलट म्हणजे पूर्ण खरेदीआधी छोट्या प्रमाणावर करून बघणं. पण बहुतेक पायलट हे प्रयोग नसतात, उद्घाटनाची रंगीत तालीम असते. सगळ्यात उत्साही टीम निवडतात, व्हेंडरचा माणूस शेजारी बसवतात आणि शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतात. वर डेव्हलपरचं पाहिलंत ना, हळू झालेल्या माणसाला आपण जोरात गेलो असं वाटतं, तेव्हा त्या फॉर्मची किंमत किती ते तुम्हीच ठरवा. टूल कोणाला मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, ज्यांना मिळालं नाही त्यांचंही काम मोजा, आणि मोजमाप टूल यायच्या आधी काही आठवडे सुरू करा. एकच मुख्य आकडा ठेवा आणि एक राखणदार आकडा, म्हणजे वेग वाढला पण परत आलेल्या तक्रारीही वाढल्या असं झालं तर कळायला. लोक पाच-सहाच असतील तर माणसांवर चिठ्ठ्या टाकण्यात अर्थ नाही, मग कामांवर किंवा आठवड्यांवर टाका. आणि निकाल "फरक नाही" आला तर तो अपयश नव्हे. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉन कोहावी यांच्या टीमने नीट प्रयोग करून तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांशच ठरवलेला आकडा सुधारणाऱ्या निघाल्या, आणि त्या सगळ्या कोणाला तरी चांगल्या वाटल्या म्हणूनच तर बनवल्या होत्या.

सही करायच्या आधी अर्ध्या तासाची एक मीटिंग, गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेला प्रीमॉर्टेम. सांगायचं की वर्ष उलटलंय, प्रोजेक्ट पूर्ण फसलाय, का फसला ते प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहा. मग एकेकाने वाचायचं, सगळ्यात ज्युनियर माणसापासून (हा क्रम माझा, साहेब आधी बोलले की बाकीचे कागद खिशात जातात).

शिकणाऱ्यांसाठी थोडं

एमबीएला केस स्टडी एकेक करून वाचायची सवय लावतात. ली थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या २००० च्या अभ्यासात दिसलं की दोन केस शेजारी ठेवून तुलना करायला लावलेल्या विद्यार्थ्यांनी त्यातली युक्ती नंतरच्या वाटाघाटीत वापरली, त्याच दोन केस सुट्या सुट्या वाचलेल्यांनी फारच कमी. तेव्हा जोडीने वाचा, त्यातही एक फसलेली हवी. आणि इटलीतला २०२० चा कॅमुफ्फो मंडळींचा प्रयोग बघा: ११६ स्टार्टअप, सगळ्यांना तेवढाच कोर्स, फक्त निम्म्यांना कल्पना गृहीतक म्हणून लिहून तपासायला शिकवलं, ते जास्त वेळा कल्पना बदलून दुसरीकडे वळले आणि त्यांची कामगिरी सरस राहिली. प्रोजेक्टसाठी ओळखीच्या शंभर जणांकडून फॉर्म भरून घेऊन "समाधान आणि निष्ठा यात सकारात्मक संबंध" सिद्ध करण्यापेक्षा एका दुकानात, एका टीममध्ये दोन आठवड्यांचा छोटा पण खरा प्रयोग करा, गाइड कुरकुरेल, मुलाखतीत मात्र बोलायला काहीतरी असेल.

राहिलं थांबायचं कसं ते. स्टॉ यांचाच १९७६ चा प्रयोग आहे, कंपनीचा पहिला पैसा कुठल्या विभागात घालायचा हे ज्यांनी स्वतः ठरवलं आणि तो बुडताना दिसला, त्यांनीच त्याच विभागात अजून पैसा ओतला. ज्यांच्याकडे तो निर्णय दुसऱ्याकडून आला होता त्यांनी कमी ओतला. म्हणून सुरुवातीला लिहिलेली "काय दिसलं तर नाही म्हणू" ही ओळ, पायलटचा मुख्य आकडा आणि तपासणीची तारीख असा एक कागद प्रोजेक्ट ज्याचा नाही अशा माणसाकडे द्या, शक्यतो फायनान्समधल्या, आणि त्या तारखेला मीटिंग त्यानेच बोलवायची, प्रोजेक्ट मॅनेजरने नाही.